ढेळज नसलेल्या घरातले कुत्रे

लातूरसारख्या गावात अलीकडे एक प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यात ठेवता येईल असे लहानसे, फारसे न भुंकणारे कुत्रे कोणते? प्रश्न विचारणारे बहुतेक जण माझ्या वयाचे असतात. मुले पुण्याला किंवा हैदराबादला, घरात दोघेच, संध्याकाळ खायला उठते. कुणीतरी सांगितलेले असते की एखादे कुत्रे आणा, मन रमेल.

खरे तर हा प्रश्न जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचा. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नात इतिहास दिसतो. लहान, गप्प आणि फ्लॅटमध्ये मावणारे, या तीन अटी आपण सहज एका दमात सांगतो. पण कुत्र्याकडून माणसाने हजारो वर्षे जे मागितले त्याच्या बरोबर उलटे आपण आता मागतो आहोत. ते कसे, हे नीट समजून घेतले तर निवड करणे सोपे जाईल असे मला वाटते. म्हणून हा लेख.

आधी भुंकण्याचे पाहू. कुत्रा हा लांडग्यापासून झाला आणि निदान पंधरा हजार वर्षांपासून तो माणसाजवळ आहे, यावर आता अभ्यासकांचे एकमत आहे. गंमत अशी की मोठा झालेला लांडगा फारसा भुंकत नाही. तो ओरडतो, गुरगुरतो, पण उठसूट भुंकणे त्याच्या स्वभावात नाही. भुंकणे कुत्र्यात वाढले ते माणसाच्या सहवासात. रशियात नोव्होसिबिर्स्क येथे बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये कोल्ह्यांच्या जातीतील प्राण्यांवर एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले जे पिल्लू माणसाला कमी घाबरते, फक्त त्याचीच पैदास करायची, एवढाच नियम. काही पिढ्यांत ते प्राणी शेपटी हलवू लागले, माणूस दिसला की कुत्र्यासारखे आवाज काढू लागले. म्हणजे माणसाळणे आणि आवाज करणे या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आल्या. रात्री कुडाबाहेर काही हलले की जो ओरडून सांगेल त्याला भाकरी मिळाली, जो गप्प राहिला त्याला मिळाली नाही. भुंकणे हा कुत्र्याचा दुर्गुण नव्हे, ती त्याची नोकरी होती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांचा काळ साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्यातला बैलजोडीचा रथ पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी पाहिलेला आहे. रथात एक माणूस उभा आहे, पुढे दोन बैल आहेत. मुलांना मी नेहमी सांगत असे की चित्र जरा निरखून पाहा. रथाच्या दांडीवर एक कुत्रे उभे आहे. कारागिराला ते घडवण्याची काही सक्ती नव्हती. पण माणूस, बैल आणि कुत्रे हे एकच कुटुंब, असे त्याला वाटले असावे. महाराष्ट्रातले हे बहुधा सर्वात लहान आणि सर्वात गप्प कुत्रे!

दुसरे उदाहरण तर थेट लातूरच्या नावाशी जोडलेले आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांच्यातला शेवटचा मोठा राजा तिसरा कृष्ण. नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्याच्या काळातले महत्त्वाचे ठिकाण. या कृष्णाने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, तेव्हा गंग घराण्यातला बूतुग त्याच्या बाजूने लढला. बूतुगाचा मणलेर नावाचा एक शूर सरदार होता. धनी प्रसन्न होऊन म्हणाला, काय हवे ते माग. या गृहस्थाने मागितले काय, तर 'काळी' नावाचे कुत्रे. पुढे ही काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. मणलेराने तिच्यासाठी दगड उभा केला. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात अतकूर येथे तो सापडला. त्यावर कुत्रा आणि डुकराची झुंज कोरलेली आहे आणि लेखाचा काळ आहे इ. स. ९४९-५०. देवळाच्या पुजाऱ्याने या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवला तर त्या कुत्र्याचे पाप त्याला लागेल, असेही त्यात बजावले आहे. हजार वर्षांपूर्वी कुत्र्यासाठी इनाम जमीन आणि रोजची पूजा! आजच्या हौशी मालकांनाही हे जमणार नाही.

पण याच समाजात कुत्र्याला घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र घेत नसत, हेही तितकेच खरे. आपल्याकडे हा दुहेरी व्यवहार सर्वत्र दिसतो. माहूरच्या दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असे आपण सांगतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, त्याचे वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकून कोटंब्यातला प्रसाद खातात. नामदेवांच्या पोळीची गोष्ट तर घरोघर माहीत आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आपल्या मराठवाड्यातलेच. आणि महाभारताच्या शेवटी इंद्र युधिष्ठिराला सांगतो की कुत्रे असणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. म्हणजे स्वर्गाच्या सोसायटीचेही नियम आपल्या सोसायट्यांसारखेच होते म्हणायचे! युधिष्ठिर मात्र म्हणाला की माझ्या आश्रयाला आलेल्याला सोडून मी येणार नाही.

एवढा मान आणि तरी उंबऱ्याबाहेर. मग कुत्रे राहत कुठे होते? माझ्या मते याचे उत्तर घराच्या बांधणीत आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना ढेळज असे. मोठ्या दरवाजातून आत आले की दोन्ही बाजूंना ओटे असलेली ती जागा. आल्यागेल्याने टेकायचे, गड्यांनी भाकरी खायची, पावसात जनावर बांधायचे ते तिथे. ढेळज धड घरात नाही आणि धड बाहेरही नाही. कुत्र्याची जागा नेमकी तीच होती. त्याला नाव असे, शिळी भाकरी आणि ताक ठरलेले असे, पण गळ्यात पट्टा नसे. ते घराचे होते आणि गल्लीचेही होते. त्याने रात्री भुंकावे आणि दिवसा झोपावे, एवढाच करार. त्याच्या भुंकण्याचा त्रास कुणाला होत नसे, कारण दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि मधला चौक ओलांडून तो आवाज माजघरापर्यंत पोचेतो पुष्कळ मऊ झालेला असे.

ही घरे आता गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक त्याच जाड भिंतींखाली आणि मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर दगडमातीच्या घराची जी धास्ती बसली ती बसलीच. पुढे 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले, मुलांच्या शिक्षणासाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येऊन राहू लागली, जागेचे भाव वाढले आणि इमारती उंच होत गेल्या. १९१७ मध्ये वसवलेल्या गंजगोलाईच्या भोवतीचे गाव बघता बघता चहूबाजूंनी पसरले. २०११ मध्ये महानगरपालिका झाली. फ्लॅटचा दरवाजा उघडला की आपण एकदम बैठकीच्या खोलीत असतो. ढेळज नाहीशी झाली. आणि ढेळज गेली तसा कुत्र्याचा मधला दर्जाही गेला. आता त्याला दोनच जागा उरल्या. एक तर रस्त्यावर, नाही तर थेट सोफ्यावर. रस्त्यावरच्याचा आपण तिरस्कार करतो, सोफ्यावरच्याचे वाढदिवस करतो. मधले काही राहिलेच नाही.

आता जातींकडे वळतो. नवल असे की गप्प कुत्र्यांची एक जुनी आणि खानदानी परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. आखूड केसांचा तो कारवानी आणि कानांवर, शेपटीवर रेशमी केस असलेला तो पश्मी. व्यापाऱ्यांच्या आणि सैन्याच्या काफिल्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या शिकारी कुत्र्यांपासून ही जात झाली असे मानतात, म्हणून नाव कारवानी. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, वाऱ्यासारखे पळणे. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी याच प्रकारच्या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात एक मुधोळचे होते. नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्षात खंडोबाची माळेगाव यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात घोडे आणि लाल कंधारी गुरांच्या बरोबरीने कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. ज्यांना देशी कुत्री पाहायची असतील त्यांनी एकदा जरूर जावे.

ही कुत्री डोळ्यांनी शिकार करणारी. सशाला दिसेपर्यंत आवाज करायचा नाही, दिसला की सुटायचे. त्यामुळे ती उगीच भुंकत नाहीत. सकाळी तासभर मोकळ्या रानात पळवले तर उरलेला दिवस ती एका कोपऱ्यात निवांत पडून असतात. परदेशात शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक फ्लॅटमध्ये आनंदाने सांभाळतात ते याच गुणामुळे. पण उंची दोन-सव्वादोन फूट, पळण्याची भूक दांडगी आणि अनोळखी माणसाबद्दल मन साशंक. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या हातातली साखळी हा प्राणी एका हिसक्यात सोडवून घेईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झाले, पण या कुत्र्याचे काम त्याबरोबर संपले. म्हणजे आपल्याकडचे गप्प कुत्रे मोठे निघाले.

मग लहान कुत्री आली कुठून? अंगाने लहान होण्याचा गुण जंगली लांडग्यांतही फार पूर्वीपासून होता. चोपन्न हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही तो सापडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मांडीवर बसणारे कुत्रे मुद्दाम जपले ते राजवाड्यांनी. चीनच्या बादशहांनी आखूड नाकाची, मोठ्या डोळ्यांची पेकिनीज जात वाढवली. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला. तिथे सापडलेल्या पाच कुत्र्यांपैकी एक डन नावाच्या कॅप्टनने व्हिक्टोरिया राणीला नजर केले. तिचे नाव ठेवले 'लूटी'. लूट हा आपल्याकडचाच शब्द, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला. ज्याच्यावरून नाव पडले ती गोष्ट लपवावी असेही कुणाला वाटले नाही! १८७२ पर्यंत ही लूटी राणीच्या पदरी होती.

पगची गोष्टही अशीच. तोही मूळचा चीनचा. हॉलंडच्या विल्यम राजपुत्राच्या तंबूवर १५७२ मध्ये रात्री शत्रूचा छापा पडला तेव्हा त्याच्या पगने भुंकून, ओरबाडून त्याला जागे केले, अशी आख्यायिका आहे. पोमेरेनियन हा बाल्टिक समुद्राच्या काठचा, मूळचा चांगला अंगापिंडाने भरलेला कुत्रा. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने इटलीतून 'मार्को' नावाचा एक छोटा पोमेरेनियन आणला, सुमारे साडेपाच किलोचा. राणीचे पाहून सर्वांना छोटाच हवासा झाला आणि आता ही जात दोन-तीन किलोंवर आली आहे. ल्हासा अप्सो हा तिबेटच्या मठांतला. दाराबाहेर मोठे मास्टिफ आणि आत हा छोटा पहारेकरी. परक्या पावलाची चाहूल लागली की याने ओरडायचे.

म्हणजे लहान कुत्र्याची नोकरीसुद्धा भुंकण्याचीच होती. मोठा अंगावर जातो, लहान वर्दी देतो. त्यामुळे लहान म्हणजे शांत, ही आपली समजूत इतिहासाला धरून नाही. अजिबात न भुंकणारी म्हणून आफ्रिकेतल्या बासेंजी जातीचे नाव घेतात. पण तीही मुकी नसते, लहर आली की गाण्यासारखा लांब सूर काढते, आणि आपल्याकडे ती मिळणेही अवघड.

आपल्या मध्यमवर्गाने लहान कुत्रे पाहिले ते आधी पांढऱ्याशुभ्र 'पॉमेरियन'च्या रूपात. खरे तर त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ होते. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतो ना? तोही स्पिट्झच. मग २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि गावोगाव पगची मागणी वाढली. राणीने जे इंग्लंडात केले तेच टीव्हीने आपल्याकडे केले. कुत्र्याच्या जातीचा इतिहास हा अशा रीतीने दुसऱ्याचे पाहून हौस करण्याचा इतिहास आहे.

पण हौसेला हवामान कळत नाही. मे महिन्यात लातूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, त्या ओलाव्यावरून हवा जाते आणि अंगातली उष्णता कमी होते. पग, पेकिनीज, शिह त्झू यांची तोंडे आपण माणसांनी चपटी केली. नाकपुड्या बारीक, आतली जागा अपुरी, टाळू लांबलेला. त्यामुळे हवा जायलाच वाट नाही. पग झोपेत घोरतो म्हणून आपण हसतो, पण ते घोरणे म्हणजे श्वासाची ओढाताण असते. हॉलंडमध्ये २०१९ पासून फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध आहेत. कॅव्हेलियर नावाची एक गोड, शांत आणि लहान जात आहे, पण तिच्यात हृदयाच्या झडपेचा आजार इतका की नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिची त्या पद्धतीने होणारी पैदास बेकायदा ठरवली. आणि लांब केसांच्या कुत्र्याला वरचेवर धुवावे, विंचरावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ज्या गावाने ते दिवस काढले आहेत त्याने शिह त्झूचा विचार करताना नळाकडेही एकदा पाहावे.

तर हिशेब असा होतो. लहान आणि त्यातल्या त्यात गप्प अशा जाती बहुधा आखूड नाकाच्या, त्यांना आपले ऊन सोसत नाही. लहान आणि धडधाकट अशा जाती, म्हणजे स्पिट्झ किंवा डॅक्सहुंड, तोंडाळ. गप्प आणि उन्हाला टिकणारा आपला कारवानी, पण तो लहान नाही. तिन्ही अटी एकदम पुऱ्या करणारी जात बाजारात मिळत नाही. जो विक्रेता आहे म्हणतो तो विक्रेता आहे, एवढेच समजावे.

मग काय करायचे? माझे म्हणणे असे की प्रश्नच थोडा बदलावा. कोणती जात, असे न विचारता कोणते कुत्रे, असे विचारावे. हे नुसते गोड बोलणे नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास भाग जातीमुळे असतो, असे त्यांना आढळले. वर्गात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही. आडनावावरून पोरगा शांत की दंगेखोर हे कधी सांगता आले आहे का?

फ्लॅटमधले कुत्रे भुंकते त्याची कारणे बहुतेक वेळा फ्लॅटमध्येच असतात. दिवसभर एकटे कोंडणे, फिरायला न नेणे, लिफ्टचा आणि बेलचा आवाज, दाराच्या फटीतून दिसणारे पाय. त्याला आपण ढेळजेतून उचलून बैठकीत आणले, पण राखणीची सवय त्याच्यातून काढली नाही. प्रत्येक पाऊल त्याला परके वाटते, कारण इमारतीत तीस कुटुंबे राहतात हे त्याला कुणी सांगितलेले नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरवणे, घरातल्यांनी सोबत असणे, शेजाऱ्यांची ओळख करून देणे आणि दाराजवळ न बांधणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

शेजाऱ्यांविषयीही थोडे सांगायला हवे. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजारधर्म सुटत नाही. घाण आपणच उचलायची, जिन्यात साखळी हातात ठेवायची, रेबीजची लस दरवर्षी टोचायची. आमच्या पिढीच्या मनात कुत्रे म्हटले की पोटातली चौदा इंजेक्शने येतात. त्या जुन्या लशीचे उत्पादन देशात २००४ च्या अखेरीस बंद झाले, पण भीती मनातून गेलेली नाही. ज्यांना भीती वाटते त्यांना हसू नये. पिल्लू विकत घेणार असाल तर हेही ठाऊक असावे की २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी केलेली असावी लागते. आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे जास्त रडते, घाबरते आणि भुंकते, हा जाणकारांचा अनुभव आहे.

आता सर्वात अवघड गोष्ट. लहान कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात, बारा-पंधरा वर्षे सहज. आमच्या ओळखीचे एक जोडपे आहे. ते बहात्तर वर्षांचे आणि त्या सत्तरीला टेकलेल्या. त्यांनी पग घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. मला विचारले तेव्हा मी नाके, ऊन, पाणी सगळे सांगितले. मग धीर करून म्हणालो, "भाऊसाहेब, राग मानू नका, पण हे पिल्लू पंधरा वर्षांचे होईल तेव्हा आपण किती वर्षांचे असू?" दोघेही क्षणभर गप्प झाले. मग वहिनीच म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते, पण म्हणायचं कसं?" हा प्रश्न घरोघरी असतो आणि कुणी उच्चारत नाही. मालक गेला की मुले सामान आवरतात, फ्लॅट विकतात. भांडी वाटून घेता येतात, कुत्र्याचे काय करायचे?

त्यांनी शेवटी सहा वर्षांची, नसबंदी झालेली एक गावठी कुत्री घेतली. अंगाने बेताची, दहा-बारा किलोंची. तिच्या आधीच्या घरातल्यांची बदली झाली होती. मोठ्या झालेल्या कुत्र्याचा स्वभाव आपल्याला दिसतो, तो जातीवरून ओळखावा लागत नाही. भुंकते किती, मुलांशी कशी वागते, जिना चढते का, हे चार दिवसांत कळते. ऊन तिला नवे नाही. पिल्लाची चावरी, ओली दोन वर्षे म्हाताऱ्या माणसांना काढावी लागत नाहीत. आणि त्यांच्या मुलाने फोनवर कबूल केले की वेळ आलीच तर मी तिला नेईन. हे वचन आधी घ्यावे, असे मी सगळ्यांना सांगतो. ती भुंकत नाही असे नाही. दूधवाल्यावर अजून भुंकते. पण इमारतीतल्या बाकी लोकांना ती आता ओळखते.

मणलेराने जमीन मागितली नाही, कुत्रे मागितले. मागताना त्याला ठाऊक होते की ती डुकरावर जाईल आणि एखाद दिवशी परत येणार नाही. ते तिचे काम होते आणि त्याचा मान त्याने दगडावर कोरून ठेवला. आपण मात्र कुत्र्याला काही काम नसावे, आवाज नसावा, आकार नसावा असे म्हणतो आणि तरी त्याने आपल्यावर जीव लावावा अशी अपेक्षा करतो. तो लावतो, हा त्याचा मोठेपणा. पण घेणाऱ्याने निदान एवढे पाहावे की त्याला नीट श्वास घेता येतो आहे, दिवसातून दोनदा त्याच्या पायाला माती लागते आहे आणि आपल्यामागे त्याचे नाव घेऊन हाक मारणारे कुणीतरी आहे. हे जमत असेल तर चौथ्या मजल्यावरही खुशाल आणावे. थोडे भुंकले तर भुंकू द्यावे.